हॉलंड, नेदरलँड्स आणि डच

आज एका लहानशा देशाच्या नांवाविषयीं चार शब्द सांगावे, असें मनांत आहे. देश इतका लहान कीं, आपल्या एकट्या महाराष्ट्रांत तो सात वेळां मावेल. परंतु इंग्रजी भाषेंत त्याच्या वांट्याला एक सोडून तीन शब्द आले आहेत. नकाशावर त्याचें नांव 'नेदरलँड्स' असें छापलेलें असतें. बोलतांना लोक 'हॉलंड' म्हणतात. आणि तेथील माणसाला व त्याच्या भाषेला 'डच' असें म्हणतात. फ्रान्सचा तो फ्रेंच, जर्मनीचा तो जर्मन, स्पेनचा तो स्पॅनिश, ही रीत इंग्रजी शिकतांनाच आपल्या अंगवळणीं पडते. येथें मात्र 'डच' ह्या शब्दाशीं उरलेल्या दोहोंचा अक्षराचाही संबंध दिसत नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न कोणाही जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत यावा. माझ्या वर्गांत तो कांहीं वेळां आला, आणि मीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें. आजचें हें भाषण म्हणजे एका अर्थीं त्या चुकीची दुरुस्ती आहे.

मी शाळेंत भूगोल शिकवीत असें. समुद्राच्या बांधाला पडलेल्या छिद्रांत बोट घालून रात्रभर बसून राहिलेल्या मुलाची गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. एका अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या पुस्तकामुळें ती जगभर पसरली आणि आपल्याकडील वर्गांतही येऊन पोहोंचली. ती सांगून झाली कीं, मी फळ्यावर लिहीत असें, 'हॉलंड म्हणजे पोकळ किंवा खोलगट भूमि.' इंग्रजींत 'हॉलो' म्हणजे पोकळ आणि 'लँड' म्हणजे भूमि. देशाची जमीन तर समुद्राहून खालीं. तेव्हां अर्थ कसा चपखल बसला! मुलांना तो पटे, आणि खरें सांगावयाचें तर मलाही पटे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीच्या निमित्तानें त्या देशांत, उत्तरेकडील ग्रोनिंगेन शहरीं राहते. सुटींत ती मला भेटावयास आली, तेव्हां मीं सहज विचारलें, "काय ग, हॉलंडांत थंडी फार असेल, नाहीं?" ती हंसून म्हणाली, "गुरुजी, थंडी पुष्कळ आहे. पण मी हॉलंडांत राहत नाहीं. हॉलंडांत जावयाचें तर आम्हांला आगगाडींत बसावें लागतें." मी गोंधळून गेलों. मग तिनें हळूच पुढें सांगितलें, "आणि तें पोकळ भूमीचेंही खरें नव्हे, बरें का." त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागें लागलों. जें हातीं आलें, तें आपणांपुढें ठेवतों.

प्रथम 'नेदरलँड्स' हें नांव घेऊं. त्याचा अर्थ सरळ आहे. 'नेदर' म्हणजे खालचा, आणि 'लँड्स' म्हणजे प्रदेश. मिळून 'खालचे प्रदेश'. इंग्रजींतील ह्या 'नेदर' शब्दाचें आपल्या संस्कृतांतील 'नि' ह्या उपसर्गाशीं दूरचें नातें आहे. 'निपात' म्हणजे खालीं पडणें. त्यांतला जो 'नि', तोच येथेंही आहे. ऱ्हाइन, म्यूज आणि शेल्ड ह्या नद्या जेथें समुद्राला मिळतात, तेथील सखल मुलखाला हें वर्णनात्मक नांव पडलें. आजही ह्या देशाची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीच्या खालीं आहे. युरोपांतील त्याचा सर्वांत उंच भाग आग्नेय टोंकास लिंबर्ग प्रांतांत आहे, आणि त्याची उंची अवघी ३२२ मीटर भरते. आपला सिंहगड ह्याच्या चौपट उंच आहे, हें सांगितलें म्हणजे 'खालचे प्रदेश' हें नांव किती यथार्थ आहे, हें ध्यानीं येईल. फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन लोकही आपापल्या भाषेंत ह्या देशाला 'खालचे प्रदेश' असेंच म्हणतात. म्हणजे हें नांव जमिनीवरून पडलेलें आहे.

आतां 'हॉलंड'. ह्या नांवाचा पोकळपणाशीं कांहीं संबंध नाहीं. त्याचें जुनें रूप 'होल्टलांट' असें आढळतें. 'होल्ट' म्हणजे लांकूड किंवा झाडी. जर्मन भाषेंत लांकडाला 'होल्ट्स' म्हणतात, तें त्याचेंच भावंड. तेव्हां 'हॉलंड' म्हणजे झाडीचा मुलूख, वनप्रदेश. पुढें मधला 'ट' उच्चारांत झिजून गेला, झाडीही तुटली, आणि मूळ अर्थाची साक्ष देणारें कांहीं उरलें नाहीं. मग लोकांनीं डोळ्यांना दिसणाऱ्या सखल जमिनीवरून 'हॉलो लँड' अशी नवी व्युत्पत्ति बसविली. शब्दाचा अर्थ विसरला गेला म्हणजे लोक त्याला जवळचा वाटेल तो अर्थ चिकटवितात, हा सर्व भाषांचा अनुभव आहे. मीं फळ्यावर लिहिलें तें ह्याच जातीचें होतें.

पण अर्थाहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. हॉलंड हें सबंध देशाचें नांव नव्हेच. तें त्यांतील एका भागाचें नांव आहे. मध्ययुगांत समुद्रकांठच्या एका सरदारी मुलखाला हें नांव होतें, आणि बाराव्या शतकाच्या आरंभापासून तेथील सरदार स्वतःला हॉलंडचे काउंट म्हणवूं लागले. सोळाव्या शतकांत हे सर्व प्रदेश स्पेनच्या राजाच्या ताब्यांत होते. १५६८ सालीं त्याच्याविरुद्ध युद्ध पेटलें. १५७९ सालीं उत्तरेकडील प्रांतांनीं युट्रेख्ट येथें आपसांत करार केला, आणि १५८१ सालीं आम्ही ह्या राजाला मानीत नाहीं, असें जाहीर केलें. अखेर १६४८ सालीं स्पेननें त्यांचें स्वातंत्र्य मान्य केलें. ह्या प्रजासत्ताकांत सात प्रांत होते: हॉलंड, झीलंड, युट्रेख्ट, गेल्डरलंड, ओव्हरआयसेल, फ्रीसलंड आणि ग्रोनिंगेन. सातांपैकीं हॉलंड हा एक. परंतु ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, लायडन, डेल्फ्ट आणि हेग हीं शहरें त्याच एका प्रांतांत, आणि प्रजासत्ताकाच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भार तोच उचलीत असे.

१६०२ सालीं पूर्वेकडील व्यापारासाठीं ह्या लोकांनीं ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. तिच्या सहा शाखा होत्या. त्यांपैकीं पांच हॉलंड प्रांतांतील शहरांत आणि एक झीलंडमधील मिडलबर्ग येथें होती. आतां विचार करा. जगाच्या बंदरांत त्या देशाचें जहाज लागलें आणि 'कोठून आलांत?' असें विचारलें, तर बहुधा उत्तर येणार, 'हॉलंडहून!' फ्रीसलंडचा गवळी किंवा गेल्डरलंडचा शेतकरी लिस्बनच्या किंवा सुरतेच्या धक्क्यावर उभा राहून आपल्या प्रांताचें नांव सांगावयास थोडाच येणार होता? जगाला त्या देशाचा जो दरवाजा दिसला, त्याचेंच नांव जगानें सबंध घराला दिलें.

ह्या दरवाजाचा आपल्या मराठी मुलखाशींही संबंध आला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत ह्या लोकांना 'वलंदेज' म्हटलें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या 'आज्ञापत्रां'त टोपीकर व्यापाऱ्यांची जी नांवें येतात, त्यांत इंग्रज, फरासीस यांच्या जोडीला वलंदेजही आहेत. हा शब्द आला कोठून? आपल्या किनाऱ्यावर प्रथम आले ते पोर्तुगीज. ते आपल्या भाषेंत इंग्लिश माणसाला 'इंग्लेश' आणि हॉलंडच्या माणसाला 'ओलांदेश' म्हणत. पहिल्यावरून आपण 'इंग्रज' केला आणि दुसऱ्यावरून 'वलंदेज'. गोव्याच्या पोर्तुगीजांवर दाब ठेवण्याकरितां ह्याच वलंदेजांनीं १६३७ सालीं वेंगुर्ल्यास वखार घातली. ती वखार आज पडक्या स्थितींत आहे, पण उभी आहे. तिकडे मलाया आणि जावा येथें ह्याच पोर्तुगीज शब्दाचा 'बलांदा' झाला, आणि जपानांत 'ओरांदा' झाला. म्हणजे युरोपांत हॉलंड हा सातांतला एक प्रांत असतांना आशियाच्या निम्म्या किनाऱ्यावर तो सबंध राष्ट्राचें नांव होऊन बसला होता. ही चूक एकट्या इंग्रजांची नव्हे. तींत आपलाही वांटा आहे.

आतां तिसरा शब्द 'डच'. ह्याचा इतिहास सर्वांत मौजेचा आहे. जुन्या जर्मानिक भाषांत 'थिओद' म्हणजे लोक, जनता. त्यावरून 'लोकांची ती' अशा अर्थाचें एक विशेषण तयार झालें. त्या काळीं युरोपांत धर्म, कायदा आणि विद्या ह्या साऱ्यांची भाषा लॅटिन होती. आपल्याकडे जसें संस्कृत आणि प्राकृत, तसें तेथें लॅटिन आणि ही लोकभाषा. ह्या विशेषणाचा सर्वांत जुना लेखी पुरावा इसवी सन ७८६ चा आहे. त्या वर्षीं इंग्लंडांत भरलेल्या धर्मसभेचे ठराव लॅटिनमध्यें आणि लोकभाषेंत वाचून दाखविण्यांत आले, असें पोपकडे गेलेल्या वृत्तांतांत म्हटलें आहे. ती लोकभाषा कोणती होती? तर खुद्द इंग्रजांची जुनी इंग्रजी! ज्या शब्दापासून पुढें 'डच' निघाला, तो लेखांत प्रथम आला तेव्हां इंग्रजांच्याच भाषेविषयीं वापरला गेला होता.

पुढें हाच शब्द निरनिराळ्या वाटांनीं गेला. जर्मन लोकांनीं त्याचें 'डॉइच' केलें आणि तें आपल्याच राष्ट्राचें नांव म्हणून ठेवलें. इंग्रजांनीं 'डच' केलें. मध्ययुगांतील इंग्रज समुद्रापलीकडच्या ह्या साऱ्या लोकांस, जर्मनांस आणि सखल मुलखांतल्यांस, सरसकट 'डच' म्हणत. भेद करावयाचा झाला तर डोंगराळ दक्षिणेकडच्या जर्मनांची ती 'हाय डच' आणि सखल मुलखाची ती 'लो डच', असें ते म्हणत. सतराव्या शतकांत सात प्रांतांचें स्वतंत्र राज्य बलाढ्य झालें. इंग्रजांचा रोजचा संबंध, व्यापारांतला असो कीं लढाईंतला, ह्याच शेजाऱ्याशीं येऊं लागला, आणि 'डच' हा शब्द आकसत आकसत त्याच्यापुरता उरला. दैवगति पाहा: त्याच सुमारास त्या लोकांनीं स्वतःच्या भाषेसाठीं हा जुना शब्द हळूहळू सोडून देऊन 'नेदरलँड्स' असें म्हणावयास आरंभ केला. म्हणजे घरच्यांनीं जें नांव टाकलें, तें शेजाऱ्यानें जपून ठेवलें.

जुन्या व्यापक अर्थाचा एक अवशेष अमेरिकेंत अद्याप आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थानांत 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणून ओळखले जाणारे लोक राहतात. त्यांचे पूर्वज हॉलंडहून गेलेले नव्हते. ते जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतून गेलेले होते. हें ज्याला ठाऊक नाहीं, तो हटकून फसतो.

इंग्रजीच्या विद्यार्थ्याला आणखी एक कोडें पडतें. 'डच करेज' म्हणजे दारूच्या नशेंत आलेलें शौर्य; 'डच ट्रीट' म्हणजे ज्यांत ज्याचें त्यानें पैसे द्यावयाचे अशी मेजवानी. 'डच' ह्या शब्दाला असा हिणकस वास कां यावा? इंग्लंड आणि डच प्रजासत्ताक यांच्यांत १६५२ ते १६७४ ह्या अवघ्या बावीस वर्षांत तीन आरमारी युद्धें झालीं. प्रतिस्पर्ध्याच्या नांवावर वाईट ते सारें खपवावयाचें, ही खोड तेव्हां इंग्रजीला जडली, आणि सवय अशी कीं, वैर संपल्यावरही त्याच धर्तीवर नवे वाक्प्रचार होत राहिले. गंमत ही कीं, १६८९ सालीं इंग्रजांनीं त्याच देशाचा विल्यम आपल्या सिंहासनावर बसविला. पण भाषेंतला जुना राग कांहीं निघाला नाहीं. राजे तह करतात, तेव्हां वाक्प्रचारांना कोणी बोलावीत नाहीं!

ह्या तीन नांवांचें पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. १८०६ सालीं नेपोलियननें आपला भाऊ लुई यास तेथें राजा नेमलें आणि राज्याला 'हॉलंडचें राज्य' हें नांव दिलें. म्हणजे भागाचें नांव सबंध देशाला अधिकृतपणें लागलें. पण तें चारच वर्षें टिकलें. १८१५ सालीं बेल्जमसह जें नवें राज्य झालें, तें 'नेदरलँड्सचें राज्य'. १८३० सालीं बेल्जम फुटून निघालें, तरी उरलेल्या देशानें नांव तेंच ठेवलें. १८४० सालीं हॉलंड प्रांताचे उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड असे दोन प्रांत करण्यांत आले. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९८६ सालीं फ्लेव्होलंड हा प्रांत झाला, आणि प्रांतांची एकूण संख्या बारा झाली. तेव्हां हिशेब असा कीं, बारांपैकीं दोन प्रांत हॉलंड होत. उरलेले दहा नव्हेत. माझी विद्यार्थिनी ह्या दहांपैकीं एकांत राहते.

आपण म्हणाल, एवढा कीस कशाला काढावयाचा? तेथील लोकही फुटबॉलच्या सामन्यांत 'हॉलंड' म्हणूनच आरोळ्या देतात, आणि कित्येक वर्षें त्यांच्या सरकारनेंही प्रवाशांना आकर्षून घेण्यासाठीं हेंच नांव मिरविलें. तें खरें आहे. परंतु १९५३ सालच्या ३१ जानेवारीच्या रात्रीं समुद्रानें बांध फोडले आणि त्या देशांत १,८३६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत सर्वांत मोठी हानि झीलंड प्रांताची झाली. त्या प्रलयाला 'हॉलंडमधील पूर' म्हणावें, तर ज्यांच्या घरांत सर्वाधिक प्रेतें निघालीं, त्यांचेंच नांव त्यांतून गळतें. आपण त्यांच्या जागीं असतों, तर आपणांस काय वाटलें असतें?

ह्यासाठीं दूर जावयास नको. तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी असा कोणताही मनुष्य शेजारीं राहावयास आला कीं, आपल्यापैकीं कित्येकजण त्याला सरसकट 'मद्रासी' म्हणत आले. त्यांत द्वेष असेच असें नाहीं. पण आळस खास असे. त्याचें गांव कोणतें, त्याची भाषा कोणती, हें विचारण्याचे श्रम वांचविले जात. एका भागाचें नांव साऱ्यांना देणें म्हणजे उरलेल्यांना 'तुम्ही आम्हांला दिसत नाहीं' असें सांगणें होय.

२०२० सालच्या जानेवारीपासून त्या देशाच्या सरकारनें परदेशांतील आपल्या प्रसिद्धींतून 'हॉलंड' हें नांव वगळून 'नेदरलँड्स' हेंच ठेवलें. म्हणून लिहितांना पुढील नियम पाळावा. सबंध देशाविषयीं बोलावयाचें असतां 'नेदरलँड्स' म्हणावें. इंग्रजींत त्यापूर्वीं 'द' हें उपपद लावतात, आणि रूप अनेकवचनी असलें तरी क्रियापद एकवचनी घालतात. ॲम्स्टरडॅम, हेग किंवा रॉटरडॅम ज्यांत आहेत, त्या पश्चिमेकडील दोन प्रांतांविषयीं बोलतांना 'हॉलंड' म्हणण्यास कांहीं हरकत नाहीं. तेथें तेंच बरोबर आहे. लोक आणि भाषा यांना इंग्रजींत 'डच' म्हणावें. त्याला दुसरा प्रचलित शब्द नाहीं, आणि त्यांत अपमानही नाहीं. मात्र 'पेनसिल्व्हेनिया डच' दिसला, तर तो जर्मन वंशाचा आहे, हें स्मरणांत ठेवावें. आणि जुन्या बखरींत व पत्रांत 'वलंदेज' आढळला कीं, त्या शब्दांत हॉलंड लपलेलें आहे, हें ओळखावें.

श्रोतेहो, एका देशाला जमिनीवरून एक नांव पडलें, एका प्रांतावरून दुसरें पडलें, आणि लोकांच्या भाषेवरून तिसरें पडलें. तीनही नांवें आपापल्या जागीं खरीं आहेत. जागा चुकली म्हणजे तींच खोटीं ठरतात. फळ्यावर लिहिलेलें मी रोज तास संपला कीं पुसून टाकीत असें. परंतु मुलांच्या वह्यांत उतरलेलें पुसावयास मी कोणाच्या घरीं जाणार? माझे जे विद्यार्थी आज हें ऐकत असतील, त्यांनीं आपल्या आठवणींतली ती एक ओळ खोडावी आणि तेथें लिहावें, 'हॉलंड म्हणजे झाडीचा मुलूख, आणि तो देशाचा एक भाग.' एवढें झालें, तर माझें काम झालें.